ठाण्याच्या कबरी, समाध्या आणि वीरगळ : दगडांवरचं ठाणं

मासुंदाकाठ

नमस्कार मंडळी,

ठाण्याबद्दल लिहून ठेवलेल्या जुन्या हकिकतींपैकी एक दफनाची आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले : टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डन हा डोमिनिकन साधू त्या दिवशी ठाण्यात नव्हता, म्हणून वाचला. त्याने देह मिळवले आणि सोपाऱ्याला पुरले. थोड्याच वर्षांत ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी इकडे आला. त्याने ती हाडं काढली, बांधली आणि जहाजातून थेट चीनमधल्या झैतून बंदरात, म्हणजे आजच्या च्वानचौला नेली. ही मंडळी निघाली होती होर्मुझहून, जायचं होतं कोल्लमला, आणि लागली ठाण्याला. आज जी खाडी आपण रेल्वेच्या पुलावरून नाक दाबून ओलांडतो, तिथून त्या काळी इराणच्या आखाताशी आणि चीनशी येणंजाणं चालू होतं, हे मला या चार मृत्यूंमुळे जितकं नीट कळलं तितकं शाळेच्या पुस्तकाने कधी कळलं नाही.

गेली काही वर्षं ठाणे, कळवा, कल्याण, वसई या पट्ट्यातल्या दफनभूमी, समाध्या, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) बघत आणि टिपत फिरतोय. धागा काढायचं कारण एकच. इंग्रजांच्या कबरींची नोंद झालेली आहे. मराठीत कोरलेल्या दगडांची झालेली नाही, आणि तेच आधी जाताहेत.

इंग्रजांचं आधी उरकतो. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचा अर्पणविधी १८२५ साली कलकत्त्याचे बिशप हेबर यांच्या हस्ते झाला. पुढच्याच वर्षी हेबर तिरुचिरापल्लीला वारले. मुंबईतल्या इंग्रजांमध्ये जुनी म्हणच होती की इथे माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. जुन्या इंग्रजी कबरींवरची वयं वाचली की तिचा अर्थ कळतो. विशीतले लेफ्टनंट, बाळंतपणात गेलेल्या बायका, आणि एकाच दगडावर खालोखाल कोरलेली तीन-तीन भावंडं. स्टीफन बॅबिंग्टन हा ईस्ट इंडिया कंपनीचा मोठा अधिकारी, कायदे सुधारणाऱ्या समितीचा प्रमुख. १८२२ मध्ये ठाण्याच्या एका वस्तीत लागलेली आग विझवताना जखमी होऊन वारला. त्याचा पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे. तिथे जाणाऱ्या किती ठाणेकरांना माहीत असेल की हा माणूस आपल्या गावात, आपल्या गावाची आग विझवताना गेला?

त्याआधी १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. त्या वेढ्यात कमोडोर जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. त्याचं नाव इंग्रजी इतिहासात पक्कं आहे. किल्ला लढवताना मेलेल्या मराठी शिबंदीतल्या एकाचंही नाव मला अजून मिळालेलं नाही.

त्याच किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला. २ मे १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना इथे फाशी दिलं. १९ एप्रिल १९१० ला, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना. या तिघांचे देह नातेवाइकांना दिले नाहीत. खाडीकाठी दहन करून राखही पाण्यात सोडली. स्मारक उभं राहू नये हाच हेतू. तेव्हा दगड नसणं हासुद्धा पुरावा असतो आणि कुणाचा दगड नाही हेही लिहून ठेवायला हवं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. कंपनीचे पाद्री दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपियन कबरींसाठी लंडनमध्ये १९७६ पासून एक संस्था काम करते. आपल्याकडे बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू), ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे-वसईकडचे मूळचे कॅथलिक), मराठी प्रोटेस्टंट, लिंगायत, गोसावी, नाथपंथी, कोकणी मुसलमान या सगळ्यांमध्ये पुरण्याची रीत आहे. शिवाय गावोगावचे वीरगळ आणि सतीशिळा. यांची यादी कुणी करायची? ज्यांना काही माहीत असेल त्यांनी इथे लिहावं. आठवणी चालतील, पण जागा आणि दगडावरचा मजकूर शक्य तितका जसाच्या तसा द्या.

टेंभीनाका

मासुंदाकाठ, छान विषय काढलात. मी ठाण्याची बेने इस्रायली. टेंभी नाक्यावरचं आमचं शाआर हाशामाईम सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ चं. आमच्या कबरस्तानाबद्दल थोडं लिहिते, कारण बाहेरचे लोक वर हिब्रू बघतात आणि पुढे वाचतच नाहीत.

जुन्या दगडांवर वर हिब्रूच्या एक-दोन ओळी असतात आणि खाली चांगलं घसघशीत मराठी. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, हुद्दा, तारीख. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर अशी. म्हणजे आमच्या कबरस्तानात एक फेरी मारली की रायगड जिल्ह्याचा अर्धा नकाशा होतो. कोण कुठल्या गावातून तेलाचा घाणा सोडून ठाण्या-मुंबईला आलं ते आडनावातच आहे. आणखी जुनी नावं बघा : समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल, अबाजी म्हणजे अब्राहम. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर घरच्या बोलीत समाजी हसाजी दिवेकरच. पुढे नातवंडांची नावं इंग्रजी वळणाची झाली. एकाच कुटुंबाच्या तीन दगडांवर हा बदल दिसतो. सुभेदार, जमादार हे हुद्देही पुष्कळ, कारण पलटणीत आमची माणसं खूप होती आणि पेन्शनीत गेल्यावर अनेक जण ठाण्यात राहिले.

वर्ष कसं काढायचं ते सांगते. हिब्रूत अक्षरांनाच किमती असतात. समजा दगडावर ताव, रेश, लामेद, तेत अशी अक्षरं आहेत. ४०० + २०० + ३० + ९ = ६३९. पुढचे पाच हजार लिहीत नाहीत, ते आपण धरायचे. झालं ५६३९. त्यातून ३७६० वजा केले की १८७९. मात्र आमचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणून तारीख त्यानंतरची, डिसेंबरपर्यंतची असेल तर ३७६१ वजा करायचे.

यायचं असेल तर शनिवार आणि सणाचे दिवस सोडून, आधी विचारून. डोकं झाकायचं. कबरीवर लहान खडे ठेवलेले दिसतील, ते उचलू नका. कुणीतरी येऊन गेल्याची ती खूण आहे. निघताना हात धुवायचे.

१९४८ नंतर आमची बहुतेक घरं इस्रायलला गेली. दिमोना, लोद, अश्दोदहून अजून फोन येतात की आजोबांच्या दगडाचा फोटो पाठव. तिकडच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. मी फोटो पाठवते आणि मजकूर वाचून रेकॉर्डही करते.

वाचनमात्र

टेंभीनाकाताई, शेवटचं वाक्य वाचून गलबलून आलं. वाचनखूण साठवली आहे.

छिन्नी

माझं घर पाथरवटाचं, आता काम जुन्या इमारतींच्या डागडुजीचं. दगड वाचायला जाणाऱ्यांना कळकळीची विनंती : स्वच्छ करायला जाऊ नका. तारेचा ब्रश, फरशीचं ॲसिड, डिटर्जंट, यातलं काहीही नको. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळतात, तेही नको. पीठ छिद्रात बसतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. साधं पाणी आणि मऊ ब्रश. तोही दगड घट्ट असेल तरच. पापुद्रे सुटलेल्या दगडाला हात लावू नका.

वाचण्यासाठी लागतो तो तिरका उजेड. दुपारी बाराला गेलात तर अक्षर दिसणार नाही, सकाळी आठला तोच दगड बोलतो. सावलीतला दगड असेल तर एकाने आरसा धरून कवडसा बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर सोडायचा. बुजलेली अक्षरं सावलीने उठतात. मोबाइलच्या टॉर्चनेही होतं, वर काळं कापड धरलं की झालं.

काळ्या पाषाणातली, म्हणजे बेसॉल्टमधली खोल अक्षरं तीन-चारशे वर्षं टिकतात. वसई किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चच्या जमिनीतल्या पोर्तुगीज कबरी बघा. संगमरवराचं तसं नाही. पावसाच्या पाण्यातल्या आम्लाने तो विरघळतो, आणि पृष्ठभाग खडीसाखरेसारखा खरखरीत झाला की समजायचं, अक्षर चाललं. संगमरवरात बऱ्याचदा शिशाची अक्षरं असतात. आधी अक्षर खोदतात, त्यात बारीक भोकं पाडतात, शिसं ठोकून बसवतात आणि वरून तासतात. वर्षांनी शिसं गळून पडतं किंवा कुणी काढून नेतं. तरी निराश होऊ नका. भोकं राहिलेली असतात. प्रत्येक अक्षराला भोकं ठरावीक जागी असतात. त्यांचा जवळून फोटो घ्या आणि कागदावर बिंदू जोडा. आख्खं नाव मिळतं.

आणि सगळ्यात मोठा धोका ऑइलपेंटचा. घरचे लोक प्रेमाने अक्षरं काळी करून घेतात. रंगवणाऱ्याला झिजलेला आकडा कळत नाही, मग १ चा ९ होतो. जुन्या वळणाच्या ५ आणि ८ चंही तेच. रंगवलेली तारीख रजिस्टरशी पडताळल्याशिवाय लिहू नका. दगडाच्या पायाशी कोपऱ्यात करणाऱ्याचं किंवा कारखान्याचं नाव असतं, गवत बाजूला करून तेही टिपा. आमच्या लोकांचं नाव तेवढ्याच जागी येतं.

मासुंदाकाठ

छिन्नी, हे फार मोलाचं आहे. भोकांवरून अक्षर काढायची युक्ती मला माहीत नव्हती, या रविवारीच करून बघतो. तुमचा प्रतिसाद मूळ लेखातच जोडायची परवानगी द्याल का?

छिन्नी

अवश्य.

महागिरी

आमच्या कबरस्तानांबद्दल चार शब्द. बहुतेक कबरी कच्च्या असतात. मातीचा उंचवटा, एखादा दगड, काही वर्षांनी त्याच जागी दुसरी कबर. मजहबच्या दृष्टीने तेच बरोबर, म्हणून तिथे लेखांची अपेक्षा ठेवू नका. पण जुन्या दर्ग्यांच्या आवारात, आणि कल्याणला शेणाळे तलावाकाठी मोतबरखानाच्या मकबऱ्याच्या बाजूला गेलात तर दगडी कबरींचा वरचा भाग नीट बघा. वर लांबट, कलमदानासारखा उंचवटा असेल तर कबर पुरुषाची. पाटीसारखा सपाट असेल तर बाईची, त्याला तख्ती म्हणतात. नाव नसलं तरी एवढं कळतं. ही मुघल काळातली आणि दख्खनमधली रीत.

हिजरी सनाचा अंदाज घ्यायचा तर सनाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. उदाहरणार्थ ११५५ असेल तर साधारण १७४२. शक सोपं आहे, ७८ मिळवले की झालं.

शब-ए-बरातला लोक आपल्या माणसांच्या कबरींवर येतात. म्हाताऱ्यांना कोण कुठे आहे ते तोंडपाठ असतं. त्या रात्री इबादत चालू असते, तेव्हा नाही, पण त्याच्या आधी दोन-चार दिवस साफसफाई चालते तेव्हा गेलात तर तुम्हाला हवी ती माहिती मिळेल. आमच्याकडे इतिहास दगडावर कमी आणि माणसांकडे जास्त आहे.

चरईकर

मी ईस्ट इंडियन. महागिरी यांनी लिहिलं तसंच आमच्या सेमेटरीत वेगळ्या कारणाने घडतं. जागा कमी म्हणून बहुतेक कबरी तात्पुरत्या. ठरावीक मुदत झाली की हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची, त्यावर हातभर पाटी. कोनाडा घेतला नाही तर हाडं सामाईक विहिरीत. पूर्वीच्या कबरीवर चार ओळींचा मजकूर असायचा : कुठल्या गावची, कुणाची मुलगी, कुणाची बायको, काय करत होती. कोनाड्याच्या पाटीवर नाव आणि दोन तारखा. माझ्या पणजीच्या कबरीवर मराठीत तिच्या माहेरच्या गावाचं नाव होतं. कबर काढली तेव्हा तो क्रूस मोडून बाजूला टाकला. पाटीवर ते गाव आलं नाही. आमच्या घरात आता ते एका काकूलाच माहीत आहे.

त्यामुळे चर्चचं रजिस्टर हाच आधार. पॅरिश ऑफिसात नम्रपणे विचारलं, आपलं नातं सांगितलं तर बघू देतात, पण वेळ द्यावा लागतो. रजिस्टरमध्ये मृत्यूचं कारणही असेल तर १८९६-९७ चा प्लेग आणि १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची इन्फ्लुएन्झाची साथ अंगावर येते. रोजची एखादी नोंद असलेलं पान अचानक भरून जातं, आणि लिहिणाऱ्याचं अक्षर घाईचं होतं.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी सगळ्या कबरी धुतलेल्या, झेंडूच्या फुलांनी भरलेल्या आणि मेणबत्त्या लावलेल्या असतात. सगळी कुटुंबं एकत्र. वयस्कर लोकांशी बोलायला वर्षातला तो एकच दिवस पुरेसा आहे. फोटो मात्र विचारून.

वाचनमात्र

एक मनापासून प्रश्न. आमच्याकडे स्मशानात कारणाशिवाय जाऊ नये असं मानतात. आईला सांगितलं तर ती नाराज होते. तुम्ही घरी काय सांगता?

मासुंदाकाठ

वाचनमात्र, आईचं मन मोडून जाऊ नका. दगडांपर्यंत न जाताही यात भरपूर काम आहे. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचून त्यातल्या कबरी, समाध्या, शिलालेखांचे उल्लेख वेगळे काढायचे आहेत. महाराष्ट्र शासनाने ते नेटवर ठेवलंय. चौदाव्या खंडात गावांची वर्णनं आहेत, तिथून सुरुवात करा. मी स्वतः आल्यावर आंघोळ करतो, घरच्यांना तेवढं पुरतं.

गावठाण

नवी मुंबईचंही घ्या यादीत. आम्ही आगरी-कोळी दहन करणारे, त्यामुळे कबरी नाहीत. आमचे पूर्वज देव्हाऱ्यात चांदीच्या टाकांवर असतात. पण गावाच्या वेशीवर, पिंपळाखाली शेंदूर फासलेले दगड सगळीकडे आहेत. आमच्याही गावात तीन आहेत. लोक त्यांना देव म्हणतात, लग्नाआधी नारळ देतात. मी लहानपणापासून बघत आलोय. एकदा शेंदराची खपली आपोआप निघाली तेव्हा खाली ढाल-तलवार घेतलेला माणूस दिसला.

आणि विमानतळासाठी उठलेली दहा गावं विसरू नका. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी आणि बाकीची. आईचं माहेर त्यातलंच. घरांची मोजणी झाली, झाडांची झाली, देवळं नव्या जागी बांधली. आजोबांच्या गुरूंची तुळशीवृंदावनासारखी छोटी समाधी शेताच्या बांधावर होती. तिचा फोटो काढून ठेवायचं आमच्याही घरात कुणाच्या मनात आलं नाही, इतकी ती रोजची होती. आता तिथे भराव आहे.

मासुंदाकाठ

गावठाण, तुम्ही सांगितलेला दगड वीरगळ असणार. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर. तिथे गुरं कोरलेली असतील तर गाई सोडवताना मेलेला. मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा. वर तो कैलासात शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एक्सरला असलेल्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात असेल तर सतीशिळा. गाढव कोरलेलं असेल तर ती गधेगळ, म्हणजे मरणाची खूण नाही. शिलाहारांच्या काळात दान दिलेली जमीन कुणी बळकावू नये म्हणून घातलेली शापवाणी आहे ती. तिच्यावर लेख असण्याची शक्यता जास्त, म्हणून ती दिसली तर लगेच कळवा.

शेंदूर मात्र खरवडू नका. तो देव आहे. शेंदूर आहे म्हणूनच तो दगड आजवर कुणी पायरीत घातला नाही. पुजाऱ्यांना सांगून ठेवा, खपली निघेल तेव्हा फोटो घ्या.

आणि त्या समाधीबद्दल : आईला जागा आठवते का? जुन्या उपग्रह चित्रात बांध दिसतील. तिच्याशेजारी बसून खूण करून घ्या. गुरूंचं नाव, पंथ, समाधीला कधी काय व्हायचं, सगळं लिहा. दगड नसला तरी नोंद होऊ शकते.

दफ्तरी

उपक्रम चांगला आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. अलीकडच्या कबरींचे फोटो नावानिशी नेटवर टाकू नयेत. कबरीवर पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं असतात, आणि त्यांचे लोक अजून हयात आहेत. दुःख ताजं असतं. इतिहासाच्या नावाखाली कुणाच्या घरातलं मरण उघड्यावर मांडायचा अधिकार आपल्याला नाही.

चरईकर

दफ्तरींशी सहमत. आमच्याकडे एकाने लहान मुलाच्या कबरीचा फोटो टाकला होता, त्याच्या आईला कुणीतरी तो पाठवला. तिचं काय झालं असेल, विचार करा.

टेंभीनाका

मला थोडं वेगळं वाटतं. ज्यांची माणसं हजारो मैल दूर आहेत त्यांच्यासाठी तो फोटो हीच भेट असते. पण त्यांनी मागितल्यावर द्यावा, सगळ्यांसाठी उघडा ठेवू नये.

मासुंदाकाठ

हे ठरवूनच टाकू. १९५० नंतरच्या कोणत्याही दगडाचा फोटो इथे येणार नाही. त्याआधीचे, तेही व्यवस्थापनाची परवानगी असेल तरच. १९५० नंतरचे टिपले तर ते आपल्याकडे बंद ठेवायचे आणि कुटुंबाने मागितले तर त्यांनाच द्यायचे. लहान मुलांच्या कबरी, कितीही जुन्या असल्या तरी, नाव झाकून. पारशी दोखम्याच्या (मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याच्या) आवारात आपण जायचंच नाही. दफ्तरी, तुम्ही हे नियम नीट भाषेत लिहून द्याल का? पहिल्या प्रतिसादात डकवतो.

दफ्तरी

देतो. आणखी एक. फोटोच्या फाइलला नाव देताना ठिकाण, रांग, डावीकडून क्रमांक आणि तारीख एवढं हवंच. नंतर 'आयएमजी' नावाच्या शेकडो फाइली घेऊन बसलं की कुठला दगड कुठला, ते सांगता येत नाही. आणि प्रत्येक दगडाचा एक फोटो लांबून, शेजारचे दगड दिसतील असा. दगड हलवला गेला तर जागा त्यावरूनच कळते. मजकूर उतरवताना न लागणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाजाने भरू नका.

छिन्नी

आणि दगड कुठल्या जातीचा तेही लिहा. कळत नसेल तर ओल्या फडक्याने एक कोपरा पुसून फोटो पाठवा, मी सांगेन.

गावठाण

आईशी बोललो. तिने बांध तर ओळखलाच, वर समाधीला चैत्रात गुळाचा नैवेद्य असायचा आणि गुरू नाथपंथी होते हेही सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मावशी पनवेलला असते, तिला गुरूंचं नाव आठवतंय म्हणे. शनिवारी दोघींना एकत्र बसवतो आणि इथे टाकतो.

टेंभीनाका

आमच्या विश्वस्तांशी बोलणं झालं. रविवारी सकाळी चालेल, पण जास्तीत जास्त सहा जण. हिब्रू वाचायला मी आहे, जुनं मोडी वळणाचं मराठी लागणारं कुणी हवं. पुरुषांनी टोपी आणा, नसेल तर रुमाल चालेल. येणाऱ्यांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.